काकूंसाठी वेगळी कढई

नव्वदच्या दशकात रोह्याच्या आमच्या आळीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. नाताळात शेजारच्या काकूंचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू असत, म्हणून आई त्यांच्या करंज्या वेगळ्या कढईत तळायची. त्या कढईला तिनं कधी अंडंमटण लागू दिलं नाही. काकू हसून ताट घ्यायच्या आणि धुऊन, चिमूटभर साखर घालून परत द्यायच्या.

एका वर्षी त्याच करंज्या काकू आपल्या परसात कोंबड्यांना कुस्करून घालताना मला दिसल्या. मी तणतणत आईला सांगितलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. संध्याकाळच्या प्रार्थनेत काकूंचं नाव होतंच.

आई गेली तेव्हा काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या. "तिच्या हातच्या करंज्या आता कुठं मिळायच्या गो?"

मी म्हटलं, "कोंबड्यांना विचारा."