साफ केलेला आवाज

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे किरकिऱ्या म्हणत. पोटासाठी दिवसभर तो लोकांच्या मशिनांची किरकिर घालवायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत स्वतःची किरकिर काढत बसायचा. तिथे विजेवर चालणारी, गोल बटणांची एक चपटी, चंदेरी पेटी होती. पेटीतून एकच जाड सूर गोल गोल फिरे, खाली ढोल एकसारखा ठोकत राही, आणि तो बटणं पिळी तसा सूर ओला होई, चिरके, घसा फाटेस्तोवर ओरडे. नाचाच्या या संगीताला अ‍ॅसिड हाऊस म्हणतात. बायको म्हणायची, "गाणं सुरू झालं की हाक मारा."

त्या पिळण्यातलं पेटीला काही आठवत नसे. जे होतं ते बोटांत. आणि बोटं आता थरथरू लागली होती. सुईत दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तेव्हा हात आहेत तोवर म्हणून त्याने एका दमात एक लांब तुकडा टेपवर उतरवला. असा चिरका सूर त्याच्या हातून आधी निघाला नव्हता, पुढे निघणार नव्हता. टेप त्याने तबकडी काढायला कारखान्यात धाडली.

तबकड्यांचं खोकं आलं. त्याने एक लावली, तिच्यावर सुई कशीबशी ठेवली. ढोल होता. सूरही होता, पण पाहुण्यांसमोर केस विंचरून बसवलेल्या पोरासारखा. चिरकणं कुठेच नव्हतं.

त्याने फोन लावला. कारखान्यात आवाज तपासणारे म्हातारे मास्तर खुशीत होते.

"भाऊ, तुमच्या टेपवरचा आवाज पार फाटत होता हो. नाकी नऊ आले, पण एकेक ओरखडा काढला."

"आणि मूळ टेप?"

"तिच्यावरच उतरवलं की साफ केलेलं. नवी कशाला वाया घालवा?"

इतक्या मायेने काम केलेल्या माणसाला शिव्या तरी काय घालणार? "बरं केलंत," म्हणून त्याने फोन ठेवला.

तबकडी अजून वाजतच होती. दारात बायको उभी होती. ती आत येऊन बसली आणि तबकडी संपेपर्यंत उठली नाही. तिचा पाय ठेक्यावर हलत होता.

"आता कसं गाण्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं असं का नाही केलंत?"

त्याने पेटीकडे हात नेला. हात बटणाच्या अलीकडे गेला, पलीकडे गेला, बटणावर काही ठरेना. मग त्याने तो खिशात घातला.

"परत लावा ना."

"सुई तूच ठेव," तो म्हणाला.