आयकता ना, नागावकर?

आमच्या नागावात बातमी अजून रिक्षातून येते. मोबाईलवरही येते, नाही असं नाही. पण मोबाईलवरची बातमी लोक नुसती वाचतात आणि रिक्षातून आलेली खरी मानतात. माझ्या होमस्टेला उतरणारे मुंबईचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसोत बापडे. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं वाडीतून उठायच्या बेतात असतं, पोफळींवरून दव टपटपत असतं आणि वळणापलीकडून आवाज येतो, "आयकता ना, नागावकर?" तेव्हा हेच पाहुणे चहाचा कप हातात धरून फाटकाशी जाऊन उभे राहतात. त्यांना वाटतं, स्वप्नातलंच काहीतरी उरलंय.

आवाज कुमुदवहिनींचा. रिक्षा त्यांच्या नवऱ्याची, रावजीभाऊंची. टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर पदर खोचून, माईक धरून बसलेल्या वहिनी. आवाज बारीक, उंच, किंचित नाकातला. माडांच्या वरून यावा तसा तो यायचा आणि समुद्राच्या गाजेतही एकेक अक्षर वेगळं ऐकू यायचं. वहिनींनी विचारलं की प्रत्येक फाटकातून उत्तर जायचं, "आयकतो गो!" बायका, म्हातारे, दात घासणारी पोरं, सगळे. उत्तर दिल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही असा नियमच होता म्हणा ना.

हा पायंडा पाडला रावजीभाऊंनी. लग्न होऊन वर्ष झालं नसेल तेव्हाची गोष्ट. एका किराणा दुकानाची जाहिरात करायला अलिबागेहून यायचा माणूस आलाच नाही, तेव्हा भाऊंनी माईक सरळ नव्या नवरीच्या हातात दिला. वहिनी लाजून अर्ध्या झालेल्या. कशाबशा म्हणाल्या, "आयकता ना, नागावकर?" रस्त्यावर सगळं चिडीचूप. रडू फुटणार एवढ्यात पुढच्या सीटवरून भाऊ ओरडले, "आयकतो गो!" लोक हसले, मग लोकही म्हणायला लागले आणि ते आजतागायत म्हणतात. भाऊंनी मात्र मधल्या कुठल्याशा वर्षी उत्तर देणं सोडलं. वहिनींनी ते मनाला लावून घेतलं नाही. "पुरुषांचं असंच," म्हणायच्या. "नव्याचे नऊ दिवस."

डिसेंबर लागला की रिक्षाला उसंत नसते. कुणाच्या होमस्टेला तरणतलाव झाला, पूनमच्या खानावळीत यंदा मडक्यात भाजलेली घरगुती पोपटी मिळणार, केळ्याच्या आकाराच्या बोटीवर बसताना चपला किनाऱ्यावर ठेवाव्यात, रावळ्यांच्या आळीतली काळी शेळी सुटली आहे, सापडल्यास बांधून ठेवावी पण दूध काढू नये. सगळं एका दमात. मयताच्या फेरीत मात्र वहिनी दुसरं काहीच सांगत नाहीत, मग केवढंही दुकान उघडत असो. त्या दिवशी इंजिनही हळू वाजतं.

यंदा चौलच्या दत्ताच्या जत्रेच्या सुमारास हा आवाज चिरला. आधी आम्ही धुळीवर ढकललं, मग थंडीवर. वहिनी काढे प्यायल्या, खडीसाखर चघळली. शेवटी न्हावा शेव्याला बंदरात कामाला असलेला त्यांचा मुलगा जीवन रजा टाकून आला आणि डॉक्टरकडे घेऊन गेला. घशात गाठ निघाली. साधी आहे, म्हणाले, पण काढावी लागेल. जानेवारीत ऑपरेशन, तोपर्यंत मौन. आवाज परत येईल, पण हाच येईल असं सांगता येत नाही.

मौन धरायच्या आधी वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून पाण्यात डोकावल्या. "कापायचं तर कापू दे, माझं काय न्हाय," म्हणाल्या. "पन दुसऱ्याच बाईचा आवाज बाहेर आला तर? मी इचारीन आयकता ना, आनि कोन वळखंल मला?"

मी आपलं खोबऱ्याच्या वड्यांचं ताट पुढे केलं. मला दुःखात खायला घालण्यापलीकडे काही येत नाही.

मौन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझे धाकटे दीर, सलिल, मदतीला आले. त्यांचा मांडव-स्पीकरचा धंदा आहे आणि वहिनींच्या आवाजाशिवाय सीझन ही कल्पना त्यांनाही सोसत नव्हती. आमच्याच वाडीत खुर्ची टाकून त्यांनी वहिनींकडून सगळ्या जाहिराती एकामागोमाग एक रेकॉर्ड करून घेतल्या. चिरलेल्या आवाजातच, पण होता तो वहिनींचाच. मागे बुलबुल ओरडत होता, तोही त्यात आला. पेनड्राईव्ह रिक्षात लागला, बटणं कुठली दाबायची ते भाऊंना शिकवून झालं आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊ एकटेच फिरायला लागले.

ती पहिली सकाळ मी विसरणार नाही. आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. धुकं इतकं दाट की विहिरीपलीकडची केळ दिसत नव्हती. लांबून आवाज आला आणि वहिनींचा हात सुपातच थांबला. त्यांनी स्वतःला असं कधी ऐकलंच नव्हतं हो! त्या कायम आवाजाच्या आत बसलेल्या. आज तो धुक्यातून त्यांच्याकडे येत होता, वाड्यांमागून, कुणा अनोळखी बाईसारखा. डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ही मी?

"तुम्हीच," मी म्हटलं.

फाटकाफाटकातून "आयकतो गो" उमटत गेलं. वहिनी हसल्या आणि हसताहसताच डोळ्यांना पदर लावला. रिक्षा पुढे गेली तरी तो आवाज धुक्यात कुठेतरी शिल्लक आहे असं आम्हा दोघींना वाटत होतं, आणि वाल तसेच राहिले.

त्यांच्या घरातले ते दिवस सगळेच तसे, अर्धवट झोपेत असल्यासारखे गेले. वहिनी बोलायच्या नाहीत आणि भाऊ मुळातच कमी बोलणारे. त्यातून भाऊंचं ऐकणंही लहरी. कुकर शिट्ट्या मारमारून थकला तरी पत्ता नाही, पण दोन आळ्या पलीकडच्या पोराची बुलेट वाजली की, "गणराज आला वाटतं." आम्ही त्यांना चिडवायचो, सोयीचं तेवढं ऐकतात म्हणून. मी सर्वांत जास्त.

मग जागृतीच्या केकचं प्रकरण झालं. जागृती आमच्याच गावची सून, नाताळच्या तोंडावर तिनं केकचं दुकान काढलं. "उद्या सकाळी उद्घाटन, येनाऱ्या परत्येकाला केक फुकट" अशी वहिनींच्या आवाजातली जाहिरात फिरली. लोक आले, केक संपला, सगळं छान झालं. आणि त्याच संध्याकाळी रिक्षातून पुन्हा तेच! उद्या उद्घाटन, प्रत्येकाला केक! भाऊंना खरं म्हणजे पूनमची पोपटी लावायची होती, बटण चुकलं. पण वहिनींच्या आवाजात आलेलं खोटं कसं असेल? दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पुन्हा दुकानापुढे हजर. बिचारी जागृती! रडावं की हसावं कळेना, पण तिनं पुन्हा केक कापला. आणि भाऊंची रिक्षा समोरच्या रस्त्यावरून तिसऱ्यांदा उद्याचं उद्घाटन सांगत चाललेली.

हा आवाज वाडीत पोहोचला तशा वहिनी अनवाणी धावल्या. मी मागे. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून त्या उभ्या राहिल्या, भाऊंनी ब्रेक मारला. वहिनींनी वर भोंग्याकडे बोट केलं. भाऊंनी वर पाहिलं, मग वहिनींकडे, आणि समाधानानं मान हलवली.

"व्हय, बराबर वाजतंय ना?"

भोंगा त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर बोंबलत होता. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. मग जवळ गेल्या, भाऊंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाऊंनी नजर खाली घातली. मला सगळं कळलं आणि माझी चिडवण्याची सगळी हौस तिथेच फिटली.

"आरशात बघतो मी," भाऊ हळूच म्हणाले. "तुजे व्हट हालले की समजतं काय बोलतेस ती. हात वर केलास की थांबतो. आता मागं कोनच न्हाय, तर काय बघनार?"

वहिनींनी खुणेनं विचारलं, कधीपासून? भाऊंनी हातानंच हवेत रेघ ओढली, लांब, मागे मागे जाणारी. जन्मभर भोंग्याखाली बसून कानांचं वाटोळं झालं होतं. बारीक आवाज आधी गेले. पाखरं, कुकर, वहिनी.

"सांगलं असतं तर तू रिक्षात बसली नसतीस," ते म्हणाले. "आनि आयकू येत न्हाय तर आयकतो कसा म्हनू? म्हनून सोडलं म्हनायचं."

मी फाटकाला धरून उभी होते. आजवर जन्मात इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल. उभं गाव जिचा आवाज ऐकत होतं, तिच्या पुढच्या सीटवरचा माणूस तेवढा त्याला मुकला होता. आणि आता तो आवाज कदाचित कायमचाच जाणार होता.

कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, उंच आवाज पोहोचत नाहीत, जाड काही काही पोहोचतात. मशीन दिलं. रिक्षात ते शिट्ट्या मारतं म्हणून भाऊ डबीत घालून ठेवतात, खिशाला बटण लावून.

थर्टी फर्स्टला गाव पाहुण्यांनी फुगलं आणि रिकामं झालं. ऑपरेशन झालं. वहिनी परत आल्या, आणखी काही दिवस गप्प राहिल्या. माघी गणपती जवळ आला तेव्हा एका सकाळी रिक्षा बाहेर निघाली आणि मागच्या सीटवर वहिनी होत्या. हातात माईक, गळ्याला मफलर. पालीला दर्शनाला जाणाऱ्या गाडीची बातमी द्यायची होती. मी झाडू तसाच टाकून फाटकाशी गेले. पूनमही खानावळीच्या दारात आली होती.

वहिनींनी घसा साफ केला.

"आयकता ना, नागावकर?"

जाड, खरखरीत, खालून येणारा आवाज. कुणा दांडग्या म्हाताऱ्याचा म्हणावा असा. पूनम इकडेतिकडे बघायला लागली, कोण बोलतंय म्हणून. फाटकं गप्प. मला माहीत होतं तरी मीही उत्तर द्यायची विसरले, कारण मी दुसऱ्याच आवाजाची वाट बघत होते. वहिनींनी एकदा आमच्याकडे पाहिलं. माईक हळूहळू मांडीवर उतरला.

आणि रिक्षा गचकन थांबली.

भाऊंनी इंजिन बंद केलं. आरशात नाही, अख्खे मागे वळून ते वहिनींकडे बघत होते. मशीन डबीत होतं, डबी खिशात होती, खिशाचं बटण लागलेलं होतं.

"परत बोल," ते म्हणाले.

"काय?" वहिनींनी त्याच जाड आवाजात विचारलं.

"परत बोल गो!"

वहिनींनी माईक उचलला. "आयकता ना," एवढंच म्हणाल्या, नागावकर म्हणायचं राहिलं.

"आयकतो गो!" रावजीभाऊ ओरडले. माईकमधून, भोंग्यातून, सगळ्या वाड्यांवरून ते गेलं. "आयकतो! आयकतो!"

मग आम्हीही ओरडलो, सगळ्या फाटकांतून. पण वहिनींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. पालीच्या गाडीची बातमी त्या दिवशी दुपारच्या फेरीत सांगितली गेली.