याकूब मिस्त्रींचे पाय

याकूब मिस्त्री कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दारात चपला काढून आत शिरत. आत जाऊन फरशीवर दोन्ही पाय रोवून क्षणभर उभे राहत आणि सांगत, "तिसऱ्या मशीनचं बेरिंग जाऊन राह्यलं." बंद करून पाहावं तर ते खरंच तापलेलं असे. यंत्राची थरथर त्यांना तळपायातून कळे. दिग्रसच्या त्या जिनिंगमध्ये मी हजेरी कारकून होतो. मिस्त्री माझ्याहून तीस वर्षांनी मोठे, साठीला टेकलेले.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी ते एकाएकी वाळले. तहान भागेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. या वयात माणूस काय बदलणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मिस्त्री मात्र म्हणाले, "मशीन बिघडली म्हनून कोनी भंगारात टाकते का? जसं तेलपानी सांगतलं तसं करा, चालते."

आणि त्यांनी केलं. चाळीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडली. भात गेला, गूळ गेला. रोज पहाटे पुसदच्या रस्त्यानं दोन मैल चालून येत. डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळं औषध दिलं होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर तापवायचं. साखर असली तर रंग विटकरी होई. निळा राहिला की मिस्त्री ती नळी आमिनाबींना, आपल्या बायकोला, कौतुकानं दाखवत. ईदला मी गेलो तेव्हा शीरखुर्म्याच्या वाट्या स्वतः सगळ्यांच्या हाती देत होते. "तुमी खा भाऊ. मले वासानंच पोट भरते."

डॉक्टरांची एकच गोष्ट त्यांनी ऐकली नाही. अनवाणी चालायचं नाही, असं बजावलं होतं. त्यांनी कॅनव्हासचे बूट घेतले, गावभर ते घालून हिंडले. पण जिनिंगच्या दारात काढून ठेवत. मी एकदा हटकलं.

"डॉक्टरले सांगू नका," ते म्हणाले. "बूट घालून मले काय आयकू येते? मंग मालक मले ठेवन कायले?"

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आमिनाबींनाही सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात एका दुपारी सरकी वेचणाऱ्या बाया ओरडल्या म्हणून मी धावलो. पांढऱ्या कापसावर रक्ताची पावलं उमटली होती, दारापासून थेट मशीनच्या शाफ्टपर्यंत. त्या पावलांच्या शेवटी मिस्त्री पाना घेऊन काम करत होते. त्यांना खाली बसवलं. टाचेत बोटभर लांब लोखंडी कपची रुतली होती.

"दुखत नाही?" मी विचारलं.

ते टाचेकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "साल झालं भाऊ. पायाले काईच कळत नाही. कानानं अंदाज घेऊन राह्यलो होतो."

म्हणजे ज्यासाठी ते बूट काढत होते, ते आधीच गेलं होतं. तरी ते काढतच होते.

जखम भरली नाही. आधी बोटं काळी पडली, मग यवतमाळच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्यानंतर ताप उतरेना. मी एस.टी.नं दर रविवारी जात असे. खाटेवर पडूनही ते नर्सला विचारत, "आज नळी निळी निघाली का?"

शेवटच्या रविवारी आमिनाबी खाटेशी सीताफळ फोडत होत्या. मिस्त्रींनी ते पाहिलं.

"हे कायले? डॉक्टरले इचारलं?"

"इचारलं," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "काय मागतीन ते द्या, म्हने."

मिस्त्रींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत डॉक्टरांनी त्यांना काहीही मोकळं सोडलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"असं हाय तं," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "दे मंग. चांगलं पिकलं दिसते."

त्यांनी ते सावकाश, एकेक पाकळी करून सगळं खाल्लं. आमिनाबी बिया तळहातावर घेत राहिल्या. बुधवारी ते गेले.