टोपातली बाळंतीण

कडूबाईला कुणाचं कौतुक करायची सवय नव्हती. अकरा हंगाम ऊस तोडलेला, फडावर अडलेल्या बाया बैलगाडीच्या आडोशाला मोकळ्या केलेल्या. मी पाथर्डी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात नर्स. मलासुद्धा ती 'कागदावरची सुईण' म्हणायची.

अठ्ठ्याण्णव साली एका मेडिकल कॉलेजचे सर विद्यार्थी घेऊन आमच्याकडे शिबिराला आले. सोबत संगणक आणि डोक्यावर चढवायचा टोप. टोप घातला की डोळ्यांपुढे खाटेवर बाळंतीण दिसायची. हात हलवला की बाळंतपण पुढे सरकायचं. कळा नाहीत, रक्त नाही, ओरडणं नाही. पोरं टोप घालून हवेत हात फिरवत उभी. वीज गेली की बाळंतीणही गेली!

सरांनी मला बजावलं, "शिबिर आहे तोवर त्या अडाणी सुईणीला आत सोडायचं नाही."

मी मान हलवली. नोकरी होती. देवापुढे दिवा लावताना मात्र त्या मानेची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडूबाईच्याच वस्तीवरच्या केशरबाईला जीपमधून आणलं. सर पाथर्डीला जेवायला गेलेले. महेंद्र नावाचा विद्यार्थी पुढे झाला. टोपात त्याला पैकीच्या पैकी मार्क. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. हा डोकं धरून ओढायला लागला. बाळाचं तोंड निळं पडत चाललं. मी मोहट्याच्या देवीचं नाव घेतलं आणि दार उघडलं. कडूबाई केशरबाईच्या जीपमधूनच आली होती, पायरीवर बसून होती.

आत येताच तिने महेंद्रच्या हातावर चापट मारली. "आरं, मुळा हाय का उपटायला? सोड!" मग केशरबाईला म्हणाली, "ऊठ माजे बाय. पालथी व्हय. गुडघं टेक, हात टेक."

"पण पेशंटला उताणंच ठेवतात," महेंद्र म्हणाला.

"तू गप. नर्सबाई, धरा तिला."

आम्ही दोघींनी तिला वळवलं. खांदा सुटला, पोरगी बाहेर आली. आधी गप्पच. मी पुसून चोळली, तेव्हा रडली.

सर आले. सगळं ऐकूनही हसत त्यांनी कडूबाईपुढे टोप धरला. "बघा मावशी, आमचं कसं असतं."

तिने घातला. बराच वेळ बघितलं. "हिला पालथी करा."

"ते यात होत नाही."

"मंग हिचं प्वार मेलं," कडूबाई म्हणाली. टोप सरांच्या हातात देऊन त्यांच्या समोरूनच ती केशरबाईकडे आत गेली. तिला अडवा, असं मला कुणी म्हणालं नाही.