देवराईचा कौल

निवृत्तीनंतर माणसाला समाजाची काळजी वाटू लागते. समाजाने तशी विनंती केलेली नसते. कोरेगावच्या शाळेतून मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोकळा झालो आणि अंधश्रद्धेवर व्याख्याने देत सातारा-सांगलीची खेडी पालथी घातली. शिराळ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या एका वाडीत, मी देवीच्या कौलाची फोड करून दाखवली. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "ज्या पाकळीला पाणी कमी, ती आधी पडणार," असे मी फळ्यावर आकृती काढून सांगितले. म्हातारा गुरव पुढेच बसला होता. एक शब्द बोलला नाही. त्याला निरुत्तर केले, असे मी घरी येऊन सांगितले.

पुढे जंगलाने मला पछाडले. घाटातली सदाहरित झाडे सांगलीकडे जातात, तिथे त्यांच्या फळ्या होतात आणि फळ्यांच्या खोक्यांतून कारखान्यांची यंत्रे परदेशी रवाना होतात, हे मी लाकडाच्या ट्रकचा एस.टी.ने पाठलाग करून शोधले. ट्रक तीनदा हरवला. मग अर्ज लिहिले. त्यांची भाषा इतकी निर्दोष होती की उत्तर देण्याचे धाडस कोणत्याही कचेरीने केले नाही.

अशात कळले की त्याच वाडीची देवराई एका ठेकेदाराने तोडायला मागितली आहे. मोबदल्यात तो देवीला स्लॅबचे देऊळ बांधून देणार होता. देवराईतला झरा हेच वाडीचे उन्हाळ्यातले पाणी. मी कागदपत्रे घेऊन गेलो.

देवळात बैठक भरली होती. कौलाशिवाय देवराईतली फांदीही तोडायची नाही, ही तिथली रीत.

ठेकेदार हसून म्हणाला, "कौल कशापायी? कौल म्हंजी पाण्याचा खेळ, हे ह्या गुरुजींनीच सांगितलंय. व्हय का न्हाई, गुरुजी?"

सगळे माझ्याकडे वळले. मागून एकजण म्हणाला, "बोला की आता! तवा लय बोलत हुता."

मी मुळे, माती आणि झरा यांविषयी बोललो. आकृती काढण्याची तयारी दर्शविली.

"झरा काय पळून जातोय व्हय? देवीला पक्कं देऊळ हुतंय, ते बगा," गावकऱ्यांतला एकजण म्हणाला.

माझ्याजवळची सर्व शास्त्रीय कारणे संपली. मी म्हणालो, "कौल लावा."

देवळात हशा पिकला. "गुरुजी बाटलं रं!"

ठेकेदारही हसला. "लावा की. देवीला काय पक्कं देऊळ नको हाय?"

गुरवाने आंघोळ केली, पाकळ्या लावल्या. ज्या प्रकाराला मी थोतांड म्हणत आलो, त्याच्यापुढे मी हात जोडून उभा होतो आणि डाव्या पाकळीकडे पूर्णपणे अशास्त्रीय नजरेने पाहत होतो.

डावी पडली.

ठेकेदार उठून गेला. देवराई राहिली.

निघताना गुरव पायरीपर्यंत आला. मी विचारू नये ते विचारले. तो ओले हात धोतराला पुसत म्हणाला, "आवं गुरुजी, पाणी कुटं कमी लावायचं, ते तुमीच न्हाई का शिकिवलं?"

तीस वर्षे मी विज्ञान शिकवले. शिकवलेल्याचा उपयोग करणारा विद्यार्थी हा एकच निघाला, आणि तो वयाने माझ्याहून मोठा होता.