बरणीत घातलेली कणीक

सकाळी बरणीतले तिन्ही मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं. धाकटे दीर बरणीपुढे उकिडवे बसले होते.

"वहिनी, यात कोणी काही घातलं का?"

"मी कशाला घालू, भावजी? मला काय कळतं त्यातलं?"

माझ्या नखांत आदल्या संध्याकाळची कणीक होती.

मध्य भारत राज्य मोडून राजधानी भोपाळला जाणार होती, ते साल. ह्यांच्या दफ्तरातली माणसं एकेक करून तिकडे धाडत होते. आमचा तबादला टळावा म्हणून राम घाटावर माशांना अकरा दिवस कणकेच्या गोळ्या घालायचं मी बोलले होते. अकराव्या दिवशी शिप्रेला पूर आला, पायऱ्या बुडाल्या. नवस मोडायचा कसा? मासे घरातही होतेच. मूठभर गोळ्या बरणीत सोडल्या.

दीर कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. लोणच्याची काचेची बरणी, तळाशी नदीचा गाळ, पाण्यातलं गवत, दोन गोगलगाई, तीन मासे. बाहेरून काही न घालता पाच महिने ती चालली होती.

"उपाशी मारताय बिचाऱ्यांना," मी एकदा म्हटलं होतं.

"अहो, कॉलेजात मासा वेगळा शिकवतात, गवत वेगळं. मला बघायचंय, सगळी मिळून कशी जगतात, कोण कोणाला काय देतं. म्हणून यात चिमूटभरही काही पडता कामा नये."

चौथी शिकलेल्या बाईला याहून सोपं काय सांगणार? मला कळलं होतं. तरी घातलं.

त्या सोमवारी बरणी प्रोफेसरांना दाखवायची होती. पसंत पडली असती तर ते दिरांना पुढे आपल्या हाताखाली घेणार होते. दीर रिकाम्या हातांनी गेले आणि तासाभरात परतले.

"मासे का मेले, विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. माझा विचारच चुकला, वहिनी."

मी पोळ्या लाटत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तोंडातून निघालं नाही. मासे मेले त्याहून याची लाज मला जास्त वाटते.

त्यांची वही माळ्यावर गेली, ते बँकेत लागले. आमचा तबादला टळला. सासूबाई म्हणाल्या, "फळला हो नवस तुझा." मी मान डोलावली.

दीर वारले, तोवर मी त्यांना सांगितलं नाही. त्या बरणीतल्या दोन गोगलगाई जगल्या होत्या. त्या घरातली आता मी एकटी जिवंत आहे.