कुठे, हे न विचारता

कार्तिकातलं ऊन दुपारनंतर तिरकं होतं आणि अंगणात सुकत घातलेल्या जवळ्याचा खारट, उग्र वास त्या उन्हाबरोबर थेट घरात शिरतो. गेल्या आठवड्यात माहेरच्या कोळीवाड्यात पाऊल टाकलं तेव्हा तो ओळखीचा वासही मला नकोसा झाला. पहाटे एकटाच होडी घेऊन गेलेला दादा दुपारी परतायला हवा होता, आणि ऊन उतरू लागलं तरी त्याचा पत्ता नव्हता.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या शाळेत 'रन' हा इंग्रजी शब्द शिकवत होते. धावणं एवढाच अर्थ ठाऊक असलेल्या मुलांपुढे मी हौसेनं फळा भरून टाकला होता. नदी वाहते तो रन, इंजिन चालतं तो रन, कापडाचा रंग जातो तोही रन. आपण प्रत्येक हालचालीला निराळं क्रियापद शोधतो आणि ही भाषा एकाच शब्दावर सगळा संसार हाकते, याची मला तेव्हा मोठी गंमत वाटत होती. रिक्षातून किनाऱ्याकडे येताना मात्र तो फळा डोळ्यांपुढून हलेना. डिझेल संपतं तिथेही तोच शब्द, 'रन आउट'; होडी खडकावर चढते तिथेही तोच, 'रन अग्राउंड'. हे दोन अर्थ मी वर्गात का वगळले, कोण जाणे.

शेजारचे लोक होड्या काढून शोधायला निघाले होते.

"कुठल्या अंगाला गेलाय?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"मी इचारलं न्हाय," पदराचं टोक पिळत ती म्हणाली. "निघताना कोन इचारतं का?"

कोणी तिला बोल लावला नाही, कारण त्यांच्याही घरांत कोणी विचारत नाही. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारलं की कामात खोडा पडतो, ही समजूत आमच्यात इतकी मुरलेली आहे की इंग्रजी शिकवणारी मीही नवऱ्याला ते विचारत नाही. चुकून विचारलंच, तर माणूस परत आत येतो, बसतो, घोटभर पाणी पितो आणि नव्यानं निघतो. न विचारलेल्या त्या प्रश्नापायी आता अख्खा समुद्र धुंडाळायचा होता. मला वहिनीचा राग आला, मग तिची दया आली, आणि मग नुसती भीती उरली.

दिवेलागणीला दादाची होडी दुसऱ्या होडीमागे दोरानं ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं, फोनला रेंज नव्हती. दादा हसत हसत होडीचा दोर सोडवत होता. वहिनीनं चहा टाकला.

इंजिन दुरुस्त होईपर्यंत मी तिथेच राहिले. ते दुरुस्त झाल्यावर पहिल्याच पहाटे दादानं जाळं खांद्यावर टाकून उंबरा ओलांडला आणि मागून वहिनीचा आवाज आला.

"कुठं जानार?"

दादा थबकला. मला वाटलं, आता चिडेल. तो परत फिरला, ओटीवर बसला आणि तिनं पुढे केलेल्या तांब्यातलं पाणी सावकाश प्यायला.

"दिघीच्या बाजूला," तो म्हणाला, आणि नव्यानं निघाला.

वहिनी कितीतरी वेळ दारात उभी होती, दिघीकडे तोंड करून. तिची भीती कमी झाली असेल असं मला वाटत नाही. पण कुठे बघत राहायचं, ते आता तिला ठाऊक होतं.